ओल राखायची, ओल काढायची

सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात तुळशीचं लग्न लागलं की आभाळ मोकळं होतं ते शिवरात्रीपर्यंत. पाऊस परतलेला, हवा कोरडी, दुपारचं ऊन लख्ख आणि रात्री हाडात शिरणारा गारठा. पेरण्या उरकल्या, पिकं उभी आहेत, तेव्हा शेतकऱ्याला आता उसंत असेल असं पाहुण्याला वाटतं. पण चार-पाच एकर कोरडवाहू रान, विहिरीखाली थोडा गहू, एक बैलजोडी आणि एखादी म्हैस असलेल्या जोडप्याला विचारा. वर्षातली सगळ्यात गुंतागुंतीची कामं याच चार महिन्यांत येतात आणि त्यांतली निम्मी शेतात दिसतच नाहीत. ती अंगणात, ओट्यावर, चुलीपुढं, जात्यापाशी चाललेली असतात.

या कामांची यादी करायला बसलं तर ती संपत नाही. पण नीट पाहिलं तर सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. जमिनीत मुरलेली ओल जमिनीतच राहिली पाहिजे आणि घरात आलेल्या दाण्यातली ओल बाहेर गेली पाहिजे. पहिलं साधलं नाही तर पीक हातचं जातं. दुसरं साधलं नाही तर हाती आलेलं पीक कणगीत, म्हणजे धान्य साठवायच्या मोठ्या टोपलीत, बसल्या जागी जातं.

पहिल्यापासून सुरुवात करू. इथली रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. त्यानंतर तिला पाऊस मिळाला तर तो वरकड. पीक वाढतं, पोटरीत येतं, निसवतं, दाणा भरतं, ते सगळं आधी साठलेल्या ओलीवर. हे शक्य होतं काळ्या जमिनीमुळं. या मातीत बारीक चिकणमातीचा अंश फार मोठा असतो आणि त्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात. मीटरभर खोल काळं रान पिकाला वापरता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पावसाइतकं पाणी पोटात धरून ठेवतं. फुगणारी माती वाळली की आकसते, हा तिचा दोष. डिसेंबरात रानाला भेगा पडू लागतात, आधी बोटभर, मग हात जाईल एवढ्या. भेग म्हणजे नुसती फट नसते. खालची ओलीगार माती तिच्यातून कोरड्या वाऱ्याला उघडी पडते आणि जी ओल मुळांनी हळूहळू प्यायची ती हवेत निघून जाते.

म्हणून कोळपणी. कोळपं म्हटलं की तण काढायचं अवजार डोळ्यांपुढं येतं, आणि पहिल्या कोळपणीपुरतं ते खरंही आहे. शाळू तीन आठवड्यांचा झाला की पहिली पाळी, पाचव्या आठवड्यात दुसरी. पण आठव्या आठवड्याच्या सुमाराला जी तिसरी पाळी देतात, तेव्हा रानात तण फारसं उरलेलं नसतं. ती दातेरी कोळप्यानं द्यायची आणि तिचा हेतू भेगा बुजवणं हा. वरची दोन बोटं माती भुसभुशीत होऊन भेगांमध्ये उतरते आणि कोरड्या मातीचा एक थर जमिनीवर पसरतो. खालून वर येणारं पाणी त्या सुट्या थरापाशी अडतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जाणती माणसं म्हणतात ते यामुळं. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र 1933 साली सुरू झालं आणि एन. व्ही. कानिटकर यांनी तिथं ओल टिकवण्याच्या या पद्धती वर्षानुवर्षं मोजूनमापून तपासल्या. ज्या गोष्टी शेतकरी हाताला लागलेल्या अनुभवानं करत होते, त्यांतल्या कशाला किती बळ आहे हे त्या कामातून कळलं.

कोळपणीच्या दिवशी घरचा पुरुष बैलांमागं असतो आणि बाई कोळप्यामागं. पात्यात न सापडलेलं, ताटांच्या बुडाशी चिकटलेलं तण ती हातानं उपटत जाते, मातीत दबलेलं रोप उभं करते. एकट्यानं हे काम होत नाही असं नाही. पण एकट्यानं केलेल्या कोळपणीत किती रोपं गाडली गेली ते महिन्यानं रानच सांगतं.

शाळूचं बियाणंही या ओलीच्या हिशेबातून निवडलेलं आहे. मालदांडी या गावठी ज्वारीतून मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात निवडलेला एम 35-1 हा वाण इतक्या दशकांनंतरही लोकांच्या मनातून उतरलेला नाही. त्याच्यापेक्षा जास्त दाणा देणारे वाण पुढं आले. पण मालदांडीचा दाणा टपोरा नि चमकदार, भाकरी गोड, ताट उंच, आणि कडबा जनावर चवीनं खातं. जोडपं बियाणं निवडतं तेव्हा माणसाचं आणि जनावराचं ताट एकदमच निवडत असतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं हीच जमीन आणि हाच वाण आहे.

शाळवाच्या बांधाला लागून हरभरा असतो. हरभरा महिन्याचा झाला की बाई सकाळी ओटी बांधून रानात उतरते आणि कोवळे शेंडे खुडते. घरी भाजी होते, आणि पिकाचंही भलं होतं. रोपाचा शेंडा एक रस तयार करतो आणि तो रस खाली उतरून बगलेतल्या कोंबांना दाबून ठेवतो. शेंडा गेला की दाब गेला. मग बाजूच्या फांद्या फुटतात, फुलं वाढतात, घाटे वाढतात. जास्तीचे शेंडे सावलीत वाळवून डब्यात भरले की चैत्र-वैशाखात, भाजीपाला महाग झालेला असताना, लसणाच्या फोडणीत ही वाळकी भाजी घर सांभाळते.

हरभऱ्याची आंब हे तर माझ्या मते हिवाळी कामांतलं सगळ्यात देखणं काम, आणि ते विसरलं जातंय याचं मनापासून वाईट वाटतं. हरभऱ्याच्या पानांवर, घाट्यांवर बारीक लव असते. त्या लवेच्या टोकांतून आंबट द्रव पाझरतो. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात. म्हणूनच भाजी आंबूस लागते आणि अनवाणी हरभऱ्यातून चाललं की पाय चरचरतात. निरभ्र रात्री पानं आपली उष्णता आभाळाकडं सोडतात, भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांच्यावर दव धरतं. संध्याकाळी स्वच्छ धुतलेलं पातळ सुती कापड पिकावर अंथरायचं. रात्रभरात दवात विरघळलेलं आम्ल कापडात उतरतं. सूर्य वर यायच्या आत कापड उचलायचं आणि चिनी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात पिळायचं. पितळेचं, तांब्याचं भांडं चालत नाही, कारण आम्ल धातूला खातं. ढगाळ रात्री दव पडत नाही, वारा असला तरी पडत नाही. त्यामुळं कापड अंथरायचं की नाही हे आभाळाकडं बघून ठरतं. अशा अनेक सकाळी गेल्या की बाटली भरते. अपचनावर, पोटदुखीवर पाण्यात थेंबभर आंब घेण्याची रीत जुनी आहे. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये, कारण ऑक्झॅलिक आम्ल खड्याला मदत करतं.

गव्हाचं पाणी ही वेगळी गोष्ट. कोरडवाहू रानात ओल राखायची असते, इथं ती द्यायची असते, आणि वेळेवर. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी गव्हाला मुकुटमुळं फुटतात. त्या वेळी पाणी चुकलं तर फुटवे कमी येतात आणि पुढं कितीही पाणी दिलं तरी ते भरून निघत नाही. शेतीपंपांना तीन फेजची वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. मुकुटमुळांचा आठवडा रात्रपाळीत आला की कारभारी डोक्याला मफलर गुंडाळून, हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं घेऊन मध्यरात्री दारं धरायला निघतो. "आवं, बूट घालून जावा, आणि बांधावरनं चालताना काठी आपटत जावा," असं बायको रोज सांगते, कारण बिळांत पाणी शिरलं की साप बाहेर येतात. या भागातल्या कितीतरी बायकांची रात्र मोटार बंद होऊन माणूस परत येईपर्यंत जागीच असते. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली सौर कृषिवाहिनीची योजना सुरू झाली. ती जिथं पोचली तिथं उत्पन्न किती वाढलं हे मोजणारे मोजतील. पण रात्री शांत झोप मिळणं हाही शेतीचा फायदा आहे, तो हिशेबात धरायला हवा.

मार्गशीर्षातली अमावास्या आली की लातूर-धाराशिवकडं सगळं काम थांबतं. ही वेळ अमावास्या. रानात ज्वारीच्या ताटांची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचं आणि पूजा करायची. आदल्या रात्रीपासून घरची बाई भज्जी रांधते. तूर, हरभरा, वाटाणा, वाल असे ओले दाणे, पालेभाज्या, डाळीचं पीठ, चिंच घालून केलेला तो दाट रस्सा असतो. सोबत ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील आणि बाजरीचे उंडे. ताटात त्या क्षणी रानात जे जे उभं आहे ते सगळं येतं. शहरात गेलेली मुलंही त्या दिवशी परततात आणि लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो.

त्यानंतर काही दिवसांनी हुरडा. दाणा दुधातून चिकात आला की त्यात साखर भरपूर असते, तिचं पिठात रूपांतर व्हायचं असतं. कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजलं की ते रूपांतर तिथंच थांबतं आणि गोडवा राहतो. आठ दिवस उशीर झाला तर तेच कणीस चिवट लागतं. गुळभेंडी, कुचकुची, सुरती हे वाण यासाठीच बांधाकडेला दोन-दोन ओळी पेरलेले असतात. त्याच दिवसांत मचाणावर बसून गोफणीनं पाखरं राखायची पाळी येते. बाजरीसारखी कुसं शाळवाच्या कणसाला नसतात. दाणा उघडा, आणि चिमण्यांना ते ठाऊक असतं.

आता घराकडं वळू, कारण जानेवारीत तूर खळ्यावर येते आणि बाईच्या कारखान्याला सुरुवात होते. कारखाना हा शब्द मी मुद्दाम वापरतो. तुरीची डाळ करणं हे घरगुती कामांत मोडलं जातं, पण त्यात जेवढी प्रक्रिया आहे तेवढी अनेक छोट्या उद्योगांत नसते.

तूर बडवून, उफणून, निवडून घरात आली की प्रश्न असतो सालीचा. हरभऱ्याची साल सहज सुटते. तुरीची साल आणि डाळिंबी यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, तो साल सोडू देत नाही. तो थर फोडायला तूर आधी काही तास पाण्यात भिजवतात, मग निथळून तिला लाल मातीचं किंवा कावेचं पातळ लेपण चोळतात आणि रातभर ढीग करून ठेवतात. दुसऱ्या दिवसापासून कडक ऊन. भिजताना दाणा फुगलेला असतो. उन्हात आतली डाळिंबी आकसते, साल तेवढी आकसत नाही आणि दोघींमधला चिकटपणा तुटतो. माती जास्तीचं पाणी ओढून घेते, आणि जात्यात दाणे एकमेकांवर घासताना खरखरीतपणाही देते. दोन-तीन दिवसांनी मूठभर तूर घेऊन तळव्यावर चोळायची. साल सुटू लागली की झालं. मग जात्याची वरची पाळू किंचित उचलून ठेवायची, कारण पीठ करायचं नाही, दाणा नुसता उकलायचा आहे. खाली पडतं ते सुपात घेऊन पाखडायचं. साल वाऱ्यावर जाते, फुटलेली बारीक चुनी सुपाच्या तोंडाशी येते, डाळ मागं राहते. चुनी आणि टरफल म्हशीला. तिच्या दुधात ते पुन्हा घरी येतं.

थंडीच्या दिवसांत हे करायचं त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कळलं की या कामाची घाई समजते. तुरीला कणगीत पोखरणारा भुंगेरा बऱ्याचदा कणगीत शिरत नाही, तो शेतातूनच बरोबर येतो. मादी वाळत्या शेंगेवर, दाण्यावर अंडी घालते. अळी दाण्यात शिरते आणि आतलं खात वाढते. गारठ्यात तिची वाढ मंदावते. फाल्गुन-चैत्रात उष्मा सुरू झाला की महिन्याभरात एक पिढी पुरी होते, दुसरी सुरू होते आणि आखाजीपर्यंत अख्ख्या दाण्याला भोकं पडलेली असतात. डाळ झाली की भुंगेऱ्याची अडचण होते. अख्ख्या दाण्याची गुळगुळीत साल त्याला अंडी घालायला लागते आणि फुटक्या डाळीत त्याचं बस्तान नीट बसत नाही. पौष-माघात डाळ करून ठेवणारी बाई या किड्याच्या वाढीचं वेळापत्रक पुस्तकात वाचून गेलेली नसते, पण ती त्याच्या एक पाऊल पुढं असते.

आता बऱ्याच गावांत जातं कोपऱ्यात गेलं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं बनवलेली छोटी डाळमिल अनेक ठिकाणी बचत गट चालवतात. ही फार चांगली गोष्ट आहे. जात्यावरच्या डाळीची चव निराळी हे मान्य करूनही मी म्हणेन, खांदे आणि कंबर मोडून काढलेल्या चवीची आठवण जपण्यापेक्षा बायकांच्या हाती यंत्र आणि त्याचे पैसे आलेले बरे. लातूरच्या मोठ्या गिरण्यांना अख्खी तूर विकून तीच डाळ दुकानातून चढ्या भावानं आणायची, यापेक्षा गावातच डाळ करून विकणं केव्हाही शहाणपणाचं.

डाळ झाली, तुराट्या उरल्या. तुरीच्या या वाळलेल्या काटक्या सरळ, चिवट आणि लवचीक. त्यांचे कूड विणून गोठ्याला आडोसा होतो, परसाला कुंपण होतं, आणि हातात कसब असेल तर कणगी होते. तुराट्यांची किंवा निरगुडीच्या फोकांची ती मोठी टोपली विणायचं काम बहुधा पुरुषाचं, लिंपायचं बाईचं. आतून-बाहेरून शेण-मातीचे थर द्यायचे, एक वाळला की दुसरा.

शेण-मातीचं हे मिश्रण का टिकतं? नुसती चिकणमाती वाळताना तडकते. शेणात गुरांना न पचलेले गवताचे असंख्य बारीक धागे असतात. ते मातीला आतून बांधून ठेवतात, आकसण्याचा ताण एका जागी साचू देत नाहीत. हिवाळ्यात हा लेप देण्याचा फायदा असा की कोवळ्या उन्हात तो सावकाश वाळतो. वैशाखात दिला तर वरचा पापुद्रा आधी वाळून फाटतो. भुई सारवणं, भिंतीला पोचारा देणं, ओट्याची कड बांधणं, नवी चूल घालणं ही सगळी कामं म्हणूनच संक्रांतीच्या आसपास निघतात. चुलीसाठी वारुळाची माती आणतात, कारण वाळवीनं ती कण-कण मळून चिकट केलेली असते. त्यात भुसा मिसळून चूल नि तिला जोडून वैल घालायचा. चार-आठ दिवस सावलीत वाळवायची आणि पहिला जाळ अगदी मंद घालायचा. एकदम पेटवली की आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन चूल फुटते. बहुतेक घरांत आता गॅसचं सिलिंडर आहे, पण हिवाळ्यात अंघोळीचं पाणी चुलीवर किंवा बंबातच तापतं, कारण सगळ्यात जास्त जळण तेच खातं.

कणगीत धान्य भरण्याआधीची परीक्षा दाताखाली होते. दाणा चावल्यावर कट् असा आवाज आला आणि तो स्वच्छ तुटला तर धान्य ठेवायला योग्य. चेपला तर अजून ऊन द्या. प्रयोगशाळेच्या भाषेत, ज्वारी साठवायची तर तिच्यात ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. दाणा हा जिवंत असतो, श्वास घेतो. ओलावा जितका जास्त, तितका श्वास जोरात आणि तितकी आत ऊब. त्या उबेत टोके वाढतात, बुरशी धरते. तळाशी कडुलिंबाचा वाळलेला पाला, मध्ये दोन-चार बिब्बे, कडधान्यात चाळलेली राख. राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते, त्यामुळं तो सुकून मरतो. अलीकडं पत्र्याच्या कोठ्या आल्या, त्या उत्तम आहेत. पण धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायला हवी. हवेतल्या ओलाव्यानं त्यांच्यातून निघणारा वायू माणसालाही तसाच मारतो. माणसं झोपतात त्या खोलीत, भिंतीला लागून असलेल्या खोलीतसुद्धा, त्या गोळ्या कधीही ठेवू नयेत. जुन्या काळी पेवं उघडताना लोक हेच भान ठेवत. जमिनीखालच्या बंद पेवात धान्य श्वास घेऊन प्राणवायू संपवतं, किडे मरतात आणि उतरणारा माणूसही मरू शकतो. म्हणून पेव उघडून बराच वेळ मोकळं ठेवायचं, दिवा खाली सोडून पाहायचा आणि मगच उतरायचं.

घराच्या छपराबद्दल बोलल्याशिवाय या भागातला हिवाळा पुरा होत नाही. इथलं जुनं घर म्हणजे जाड दगडी भिंती आणि त्यावर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, पाला आणि सगळ्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी वर नवी माती पडे, जुनी मात्र कोणी उतरवत नसे. पिढ्यान् पिढ्या हा थर वाढत गेला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा झोपेतली हजारो माणसं आपल्याच घराच्या वजनाखाली गेली. भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे दगड वेगवेगळे रचलेले होते आणि त्यांना जोडणारे आरपार लांब दगड नव्हते, त्यामुळं भिंती मधोमध उकलल्या आणि मातीचा भार खाली आला. त्यानंतर अभियंत्यांनी जे उपाय सांगितले ते अवघड नाहीत. माळवदावरची माती खरवडून थर पातळ करायचा, मध्ये पाणी अडवणारा कागद घालायचा, भिंतीत ठिकठिकाणी भोक पाडून आरपार सांधा घालायचा. ज्यांची माळवदं अजून उभी आहेत त्यांनी हिवाळ्यातले आठ दिवस यासाठी काढावेत. पाऊस नसतो, माती कोरडी नि हलकी असते, उतरवलेली माती रानात टाकता येते. घरासाठी यापेक्षा महत्त्वाचं हिवाळी काम मला सुचत नाही.

गोबरगॅस असलेल्या घरांत थंडीत गॅस कमी मिळतो अशी तक्रार असते. टाकीतले जिवाणू पस्तीस अंशांच्या उबेत जोमानं काम करतात, वीसच्या खाली गारठतात. शेण कालवताना उन्हात तापलेलं पाणी वापरलं आणि टाकीभोवती पाचट किंवा भुसा रचला तर फरक पडतो. ज्यांच्याकडं ही सोय नाही ते गोवऱ्या थापतात आणि त्यांचा हुडवा रचून वरून शेणकाला लिंपतात.

संध्याकाळची कामं बसल्या जागची. अंबाडीचा वाख आधी पाण्यात कुजवून काढलेला असतो. पाण्यातले जिवाणू धाग्यांना चिकटवणारा पदार्थ खातात आणि धागे मोकळे होतात. शेकोटीपाशी त्याचे कासरे, दावी वळायची. नायलॉनची दोरी स्वस्त आहे, पण ती बैलाच्या मानेला कापते. त्याच उजेडात घरची बाई जुन्या गोधडीला ठिगळं देते. लुगड्या-धोतरांच्या थरांमध्ये अडकून राहिलेली हवाच ऊब देते, म्हणून टाके फार ताणून चालत नाहीत.

इतकं सगळं वाचल्यावर एक प्रश्न पडायला हवा. यातलं शेतीचं काम कोणतं आणि घरचं कोणतं? शेंडे खुडणं शेती की स्वयंपाक? डाळ करणं उद्योग की घरकाम? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97, असं आढळलं. पण सातबाऱ्यावर नाव बहुधा एकाचंच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून पुरुषांना आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायचं आवाहन केलं. अनेक गावांनी ते मनावर घेतलं. ते काम अर्धवट राहिलं आहे आणि ते पुरं व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

फेब्रुवारीत शाळू पिकतो. तो विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे कडब्याची लांबी वाया जात नाही. उपटायचं काम कंबरेचं, ते बहुतेक पुरुषांचं. पेंढ्या बांधून वाळल्या की बायका बसून कणसं मोडतात. कणसं खळ्यावर, मळणी यंत्राखाली. कडब्याची वळई रचायची ती उताराच्या छपरासारखी निमुळती, शेंडे आत आणि बुडखे बाहेर, म्हणजे वळवाचं पाणी आत न शिरता ओघळून जातं.

वळई रचताना दोघांमध्ये हमखास बोलणं होतं. "भाव बरा हाय, निम्मा कडबा काढून टाकू," तो म्हणतो. "आधी मोजा तर," ती म्हणते. एका बैलाला रोज चार पेंढ्या धरल्या तर मार्च ते जून एवढ्या महिन्यांना पाचशेच्या घरात पेंढ्या लागतात. बैल दोन, म्हणजे हजार. म्हैस त्यावर. आणि पाऊस लांबला तर जुलैही धरायचा. दुष्काळी वर्षात जूनमधल्या शेकड्याचा, म्हणजे शंभर पेंढ्यांचा, भाव फेब्रुवारीतल्या भावाच्या किती वर जातो हे दोघांनी पाहिलेलं असतं. व्यापाऱ्याचा टेम्पो रस्त्यावर उभा असतो. हिशेब जमिनीवर काडीनं मांडला जातो, आणि वळईतून शेवटी किती शेकडा खाली येणार हे पुष्कळ घरांत तीच ठरवते.